डायनासोरांचे बेट मांडू पाहणाऱ्या मंडळांस खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातील तालीम मंडळांचे व गणेशोत्सव मंडळांचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

माणसे आणि डायनासोर एकत्र नांदतात अशा एका काल्पनिक बेटाचा देखावा यंदाच्या गणेशोत्सवात उभा करण्याचा विचार आपल्यापैकी काही मंडळांत चालू आहे, असे मला कळले. मी पेशाने पशुवैद्य. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गोठ्यांत ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो. देखाव्याच्या कलेतले मला फारसे कळत नाही. परंतु मोठ्या जनावराच्या शेजारी राहायचे तर माणसाला काय काय करावे लागते हे थोडेफार कळते, आणि आपला विषय नेमका तोच असल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाचा असाच देखावा पाहायला मी नातवाला घेऊन गेलो होतो. दीड तास रांगेत उभे राहून आत गेलो, तर अंधारात लाल डोळ्यांचा एक यांत्रिक डायनासोर मान फिरवून डरकाळ्या फोडत होता, त्याच्या पायाशी एक माणूस आडवा पडला होता आणि मागून ढगांचा गडगडाट ऐकू येत होता. पोरगे घाबरून माझ्या कमरेला बिलगले. बाहेर आल्यावर, भीती ओसरल्यानंतर, त्याने विचारले, "आजोबा, डरकाळी फोडून झाल्यावर तो काय करतो?" मला उत्तर देता आले नाही, कारण देखाव्यात त्या जनावराला दुसरे काही काम दिलेलेच नव्हते. तो काय खातो, कुठे बसतो, त्याचे शेण कोण उचलतो, तो आजारी पडला तर कोणाला बोलावतात, यातले काहीच तिथे नव्हते. आपण या वेळी सहजीवनाचे बेट दाखवणार असाल, तर त्या बेटाची सगळी संस्कृती नातवाच्या त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे असे मला वाटते, आणि ते उत्तर शोधायला कोल्हापूरच्या माणसाला परदेशी चित्रपटांकडे जाण्याची गरज नाही.

आधी एक खुलासा मांडवाच्या दारातच, मोठ्या अक्षरांत लिहावा. माणूस आणि मोठे डायनासोर यांची या पृथ्वीवर कधीही गाठ पडलेली नाही. ते नाहीसे झाले त्याला सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली. आपली मानवजात उणीपुरी तीन लाख वर्षांची. शाळेतील मुले देखाव्यातून इतिहास शिकतात, हे आपण ऐतिहासिक सजीव देखाव्यांच्या वेळी अभिमानाने सांगतो, तेव्हा कल्पना कुठे सुरू होते ते सांगण्याची जबाबदारीही आपलीच. (पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, किंबहुना शास्त्राच्या हिशेबाने डायनासोरच. त्या अर्थाने आपण रोज डायनासोरांबरोबर राहतो आणि रविवारी त्यांचा रस्सा करतो. पण तो विषय वेगळा.)

आता बेटाविषयी. त्याला परकी नावे आणि परकी जनावरे देऊ नयेत अशी माझी पहिली विनंती आहे, आणि तिला शास्त्राचा आधार आहे. डायनासोरांच्या शेवटच्या काळात भारत हाच एक बेट होता. मादागास्करपासून तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला, चोहोबाजूंनी समुद्र घेऊन उत्तरेकडे सरकत राहिला आणि आशियाला येऊन भिडायला त्याला आणखी कोट्यवधी वर्षे लागली. त्या बेटावर डायनासोर होते. आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरचे अवशेष सापडले. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. गुजरातमधील रैयोलीजवळच्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस या मांसाहारी डायनासोरचे वर्णन झाले. त्याच्या डोक्यावर लहानसे शिंग होते. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर आणि अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाचा बनला, तो लाव्हारस बाहेर पडत होता तो काळही हाच. पुढे, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून समुद्रात मागे राहिला. आपले काल्पनिक बेट हा तसाच दुसरा एखादा तुकडा मानावा, ज्यावर इसिसॉरस आणि राजासॉरस तगून राहिले आणि कधीतरी वाऱ्याने भरकटलेल्या गलबतातून कोकणातली माणसे येऊन पोहोचली. एवढी एकच थाप मारावी. बाकी सर्व त्या थापेशी प्रामाणिक राहून मांडावे. टी. रेक्स आणि पाठीवर हाडांच्या तबकड्या असलेला स्टेगोसॉरस यांना शेजारी उभे करण्याचा मोह कृपया आवरावा, कारण त्या दोघांमधले कालांतर टी. रेक्स आणि आपण यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठे आहे.

या बेटावर पोहोचलेल्या माणसांना पहिला प्रश्न भीतीचा पडला असेल, हे मान्य. पण दुसऱ्याच दिवशी वैरणीचा पडला असणार. गोठ्याबाहेरच्या माणसाला हे पटत नाही, म्हणून थोडा हिशेब करतो. आपल्या एका दुभत्या म्हशीला दिवसाला पंचवीस-तीस किलो हिरवी वैरण, वर थोडा कडबा आणि आंबोण लागते. हत्तीला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. एका मोठ्या इसिसॉरसला आठ हत्तींची वैरण लागते असे नुसते गृहीत धरले, तर रोजचे बाराशे किलो आणि वर्षाचे सुमारे ४३८ टन झाले. हत्तीगवताचे एकरी उत्पन्न वर्षाला साठ ते ऐंशी टन मानले, तर एका जनावरामागे साडेपाच ते सव्वासात एकर जमीन केवळ वैरणीखाली गेली. त्याचे अंग हत्तीपेक्षा मंद चालत असेल तर काही एकर वाचतीलही. तरीही वीस जनावरांचा कळप म्हणजे शंभराच्या वर एकर. चंद्रपूर जिल्ह्यातीलच पिसदुरा येथे सापडलेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ही जनावरे झाडपाल्याबरोबर गवतही खात होती, ही गोष्ट पक्की आहे. आणि ती रवंथ करणारी नव्हती. त्यांचे दात ओरबाडायचे, चघळायचे नव्हेत. घास तसाच पोटात जायचा.

या एका हिशेबातून बेटाचा समाज उभा राहतो. तिथे श्रीमंती जनावरांच्या संख्येवर मोजली जाणार नाही, कारण इतके मोठे जनावर कोणाच्या दावणीला बांधताच येणार नाही. श्रीमंती मोजली जाईल ती ज्याच्या रानातून कळप गेला तरी ज्याचे घर वर्षभर खाऊन उरते त्याची. लग्न ठरवताना मुलीचा बाप विचारील की तुमचे रान कळपाच्या वाटेवर आहे की वाटेबाहेर. शेतीच्या फेरपालटाचे वेळापत्रक माणूस ठरवणार नाही. कळप यंदा कुठे चरला यावर ते ठरेल, आणि जिथे चरला तिथे पुढच्या हंगामाला शेणाच्या खताने उत्तम पीक येईल. त्या शेणाच्या वाटपावरून भांडणे होतील. ही भांडणे मिटवणारे पंच, त्यांची मोजमापे, त्यांच्या शिव्या आणि समेटाची जेवणे या सगळ्याला मी संस्कृती म्हणतो, आणि सजीव देखाव्यात हे सगळे दाखवता येते. दोन शेतकरी शेणाच्या ढिगावरून तावातावाने बोलत आहेत आणि ढीग त्यांच्या डोक्याएवढा आहे, एवढ्या एका प्रसंगाने लोकांना जनावराचा आकार कळेल. ते जनावर उभे करायचीही गरज नाही.

कोल्हापूरला हे परके नाही, असे मी वर म्हटले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात येथे हत्तींची साठमारी होत असे. शिकारीसाठी चित्ते बाळगले जात, आणि त्यांना सांभाळणारी माणसे चित्त्यांच्या सहवासातच आयुष्य काढत. ते वैभव होते, त्यात धाडस होते. पण खवळलेल्या हत्तीसमोर माणसाने चपळाई दाखवायची आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, याला मी सहजीवन म्हणणार नाही. यांत्रिक डायनासोरची डरकाळी म्हणजे साठमारीचीच विजेवर चालणारी आवृत्ती आहे. सहजीवन पाहायचे तर बेंदराच्या आदल्या संध्याकाळी पाहावे, जेव्हा खांदेमळणीला बैलाच्या जू घासून घट्ट झालेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळले जाते, आणि वर्षभर ज्याच्यावर आसूड ओढला त्याच्यापुढे घरधनी हात जोडतो. दिवाळीच्या पाडव्याला आपले गवळी बांधव म्हशींची शिंगे रंगवून, गळ्यात घुंगूरमाळा घालून त्यांना मिरवतात, आणि मालकाच्या हाकेसरशी म्हैस गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे धावते, ते पाहावे. गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढून दिली जाते, तिथे पहाटे जाऊन उभे राहावे. या प्रत्येक ठिकाणी जनावराला नाव आहे, खोड आहे आणि हक्क आहे. बेटावरच्या माणसांनी खांदेमळणीसारखे काय केले असते? इसिसॉरसच्या खांद्यापर्यंत हात पोहोचणार नाही. पायाच्या नखांपर्यंत मात्र पोहोचेल. तळपाय फुटलेल्या जनावराच्या नखांत वर्षातून एकदा, ते पाणवठ्यावर शांत उभे असताना, तेल भरणारी माणसे मला दिसतात. तो त्यांचा बेंदूर.

प्रेमाने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हेही आपण अनुभवले आहे. नांदणीच्या मठातील महादेवी हत्तीण, जिला लोक माधुरी म्हणतात, २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातला हलवली गेली, तेव्हा जिल्हाभर लोक रस्त्यावर उतरले. त्या माणसांचे रडणे खरे होते. हत्तीण हा कळपात राहणारा प्राणी आहे, हेही खरे आहे. पशुवैद्य म्हणून मला दोन्ही गोष्टी एकदम दिसतात आणि मी त्यातली कुठलीही पुसू शकत नाही. आपल्या बेटावरही हा वाद असला पाहिजे. आई मेलेले पिल्लू माणसांनी वाढवावे की कळपात सोडावे, यावर एका घरातच दोन मते असतील. देखाव्यातील संवादात असा एक प्रसंग घातला, तर प्रेक्षकांतील प्रत्येकाला तो कशावरून आला हे न सांगता कळेल.

वाटेचा प्रश्न याहून मोठा आहे. दाजीपूरच्या जंगलातला गवा शहराच्या वेशीपर्यंत येतो, तेव्हा आपण काय करतो हे आठवावे. मोबाईल उगारून शंभर माणसे त्याच्या मागे धावतात, तो बिथरतो, आणि मग आपण म्हणतो की गव्याने हल्ला केला. आजरा-चंदगडकडे कर्नाटकातून येणारा टस्कर, म्हणजे सुळेवाला हत्ती, जुन्या वाटेने चालतो. मध्ये कोणाचा ऊस उभा राहिला आहे हे त्याला माहीत नसते, आणि ज्याचा ऊस गेला त्याचे वर्षही जाते. बेटावर हा प्रश्न पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच, बरेच मृत्यू होऊन, सुटला असणार. कळपाच्या वाटेवर घर बांधायचे नाही, कुंपण घालायचे नाही, आणि कळप येताना दिसला की कितीही मोठ्या माणसाची मिरवणूक असली तरी तिने बाजूला थांबायचे, असा तिथला कायदा असेल. मिरवणूक थांबवण्याची कल्पना महाद्वार रोडवर किती रुचेल, याविषयी मला शंका आहे.

अंड्यांच्या हंगामाविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते देखाव्याचा मध्यभाग तोच असावा. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात अशा लांब मानेच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि त्यांतील २५६ अंडी यांची नोंद २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. एवढ्या प्रचंड जनावराचे अंडे नारळाहून फारसे मोठे नसते, हे लोकांना सांगितले तर खोटे वाटेल. गुजरातमध्ये तर एका घरट्यात नुकतेच फुटलेले अंडे, पिल्लू आणि त्याभोवती वेटोळे घालून बसलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, असे तिघे एकत्रच दगड झालेले सापडले. त्या सापाचे वर्णन २०१० मध्ये झाले. आणि २०२३ च्या अखेरीस अशी बातमी आली की धार जिल्ह्यातील एका गावात शेतकरी ज्या गोल दगडांना भैरव मानून, शेताचे व गुराढोरांचे रक्षण करणारा देव म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजत होते, ते दगड तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा डायनासोरांची अंडी निघाली. काल्पनिक बेटावर काय घडले असते हे शोधायला आपण निघालो आहोत, आणि इथे आपल्याच देशात शेतकऱ्याने, काहीही माहीत नसताना, त्या अंड्याला नारळ फोडून गुरांची राखण सोपवलेली आहे.

म्हणून बेटावर अंड्यांची जागा ही देवराई असावी. सह्याद्रीत देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत, तसा तिथला नियम. माद्या अंडी घालून निघून गेल्यावर ती राखण्याचे काम माणसांकडे येते, असे दाखवावे. गावातील तरुण पोरे, आपल्या तालमीतल्या पोरांसारखीच, आळीपाळीने रात्रीचा पहारा करतात, साप हुसकतात, पण अंड्याला हात लावत नाहीत. तालमीला या शहरात कुस्तीपलीकडे जी कामे पडली, पुरात माणसे काढण्यापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंत, ती पाहता बेटावर तालीम असणारच, आणि तिचे मुख्य काम हेच असणार.

राजासॉरसला खलनायक करू नये. आपल्याकडे वाघोबाचा दगड गावाच्या हद्दीवर असतो आणि त्याला वर्षाला नैवेद्य मिळतो. त्याचा अर्थ वाघ गरीब आहे असा नसून, हद्द कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे असा आहे. बेटाच्या हद्दीवर शिंगवाला दगड असावा. म्हातारे जनावर मेले की ते त्या दगडापलीकडे न्यायचे, अशी रीत असावी. त्या धडाला हलवणार कसे, हे मला विचारू नये.

आवाजाबद्दल एक गोष्ट आपल्या खर्चाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. अनेक अभ्यासकांचा कल असा आहे की मोठे डायनासोर सिंहासारखी डरकाळी फोडत नसावेत. मगर किंवा शहामृग तोंड मिटून जसा खोल, छातीत घुमणारा आवाज काढतात, तसा त्यांचा आवाज असावा. तेव्हा ध्वनिमुद्रित गर्जना आणि तिच्यासाठी लागणाऱ्या भिंतीएवढ्या स्पीकरचे भाडे यांची गरज नाही. घुमक्यावर जाणत्या हाताची संथ थाप पडली तरी काम होईल. बेटावरची माणसे मोठ्याने वाजवत नसतील, कारण त्यांना पायाखालून येणारा तो आवाज आधी ऐकावा लागेल. तिथल्या सणांत हलगी शेवटी वाजेल, कळप पुढे गेल्यावर.

राहिला मांडणीचा प्रश्न. पेठांमधल्या बोळांत अख्खा इसिसॉरस मावणार नाही, आणि मावेल एवढा लहान केला तर त्याचा घोडा होईल. माझी सूचना अशी की त्याचे फक्त चार पाय उभे करावेत, गुडघ्यापर्यंत, आणि पोटाची सावली वर मांडवाच्या कापडावर पडू द्यावी. लोकांनी त्या पायांमधून चालत जावे. पायाशी गव्हाण, गव्हाणीत वैरण, बाजूला नखांत तेल भरणारी दोन माणसे आणि शेणावरून भांडणारे ते दोघे. बाबूराव पेंटरांच्या गावात हे करणारे हात मिळतील, याबद्दल मला शंका नाही. कातडीला गेंड्याचा करडा रंग देऊ नये. खऱ्या रंगाची कोणालाच खात्री नसल्यामुळे रंगाऱ्याला मोकळीक द्यावी.

वैरणीसाठी उसाचे वाडे वापरावेत असे आपल्या मनात आले असेल, परंतु भाद्रपदात कारखाने सुरू झालेले नसतात आणि वाडे मिळत नाही. कडबा कोरडा असतो. विजेच्या वायरींजवळ तो धोक्याचा आहे. त्या दिवसांत हिरवे मिळते ते हत्तीगवत. माझ्या मळ्यात ते पाऊण एकर आहे. ज्या मंडळाला हवे असेल त्याने चतुर्थीच्या चार दिवस आधी सांगावे. रोज पहाटे ताजा भारा मांडवात पोहोचता करीन, आणि रात्री देखावा बंद झाल्यावर तोच भारा शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींना टाकावा, एवढीच अट आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्य
मंगळवार पेठ, कोल्हापूर